एका विकराचं नाव कळेपर्यंत

"दादाला आपण दूध पाजून मारलं." हे वाक्य मी आप्पांना एकदाच बोलले, बारामतीच्या दवाखान्यात, खाटेवर पाय उंच करून पडलेली असताना. ते पूर्ण खरं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. बाकीचं सगळं ह्या वाक्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं आहे.

आमची वस्ती इंदापूरच्या अलीकडे, कालव्याच्या शेपटाला. आजोबांपर्यंत मेंढरं होती. आप्पांनी ती विकून थोडी जमीन बागायत केली आणि गावच्या दूध संकलन केंद्रावर नोकरी धरली. पहाटे कॅन उघडायचे, दुधाची फॅट मोजायची, वहीत लिहायचं. दूध म्हटलं की आप्पांचा चेहरा बदलायचा. "मेंढरामागं हिंडणारी पोरं आमी. दूध कसं आसतं ते आमाला ह्या केंद्रानं दाखवलं," असं ते पाहुण्यांना सांगत.

आम्ही तीन भावंडं. थोरला संपतदादा, मधली मी, आणि माझ्याहून आठ वर्षांनी लहान मंदा.

दादा

दादा सहा फुटांच्या वर होता आणि अंगावर मांस म्हणून नव्हतं. बोटं लांबच लांब. सहावीत चष्मा लागला, दहावीपर्यंत काचा बाटलीच्या बुडासारख्या झाल्या. शाळेत त्याला उंट म्हणायचे. गुरुजीही म्हणायचे. आय.टी.आय.ला गेला, पण मापाच्या बारीक रेघा दिसेनात म्हणून सहा महिन्यांत परत आला.

पोरगं वाळतंय, ह्याचं औषध आप्पांच्या मते एकच. रोज सकाळी शेरभर धारोष्ण दूध, त्यात दोन कच्ची अंडी फोडून. रविवारी मटण, त्यातली कलेजी दादाला. मला आणि मंदाला त्यातलं उरलं तर. दादाला वास सहन व्हायचा नाही. नाक दाबून प्यायचा. आप्पा समोर उभे राहून पेला रिकामा झालेला बघत आणि मगच केंद्रावर जात.

तो बाविसाव्या वर्षी गेला. तापानं चार दिवस अंथरुणावर होता, पाणीसुद्धा धड घेत नव्हता. ताप उतरला तर डावी पोटरी सुजली. तिसऱ्या दिवशी उठून मोरीपर्यंत गेला आणि दार धरून खाली बसला. "आप्पा, दम पुरंना," एवढंच बोलला. जीप मिळवून बारामतीला निघालो. पोचलो तेव्हा डॉक्टरांनी जीपमध्येच नाडी बघितली आणि आत न्यायला नको म्हणाले.

गावानं त्याचा अर्थ आपापल्या परीनं लावला. कुणी हार्ट म्हणालं, कुणी बाहेरचं म्हणालं. आप्पा म्हणाले, "खाणं कमी पडलं पोराला."

पाय

त्यानंतर चार वर्षांनी मी बारामतीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात होते, विषय रसायनशास्त्र. राहायला जळोचीत आत्याकडे. आप्पांची सख्खी थोरली बहीण. तिचा मुलगा दत्ता एम.आय.डी.सी.त कामाला होता. मामाची पोर करायची हे आमच्यात न बोलता ठरलेलं असतं, त्यामुळे मी त्या घरात भाची होते आणि होणारी सूनही. आत्या मला भाकरी करायला लावायची आणि शेजारणींना म्हणायची, "हात बसतोय अजून."

परीक्षेला दोन महिने होते. दिवसभर बसून वाचत होते. एका सकाळी उजव्या पोटरीत गोळा आला. संध्याकाळपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला, गरम झाला. आत्यानं तेल कोमट केलं आणि दोन्ही हातांनी पोटरी रगडली. प्रेमानंच रगडली. पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की त्या रगडण्यानं गुठळी सुटून वर गेली असती तर माझंही दादासारखंच झालं असतं. तेव्हा मला फक्त एवढं कळत होतं की मी हा पाय आधी पाहिला आहे. ही चकाकी, हा रंग.

मी दत्ताला म्हणाले, "मला दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता."

"सकाळी बघू की."

"दादाची सकाळ झाली न्हाय."

त्यानं गाडी काढली. हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे.

लाल रंग

त्या दवाखान्यात पुण्याहून दर गुरुवारी एक डॉक्टरीणबाई येत. पन्नाशीच्या, आवाज घोगरा. मी ज्या दिवशी दाखल झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. माझ्या नशिबात चांगलं म्हणून जे काही आलं, त्यात हे पहिलं.

त्यांनी पायाकडे थोडंच पाहिलं. माझा चष्मा काढून काचा उजेडाला धरल्या. हात हातात घेऊन बोटं निरखली. डोळ्यात बॅटरी मारली, मला मान हलवायला सांगितली आणि परत मारली.

"डोळ्यातलं भिंग हलतंय तुझं. कुणी सांगितलं नाही?"

"नंबर वाढतोय म्हणतात."

"घरात आणखी कुणी असं उंच, बारीक, लवकर चष्मा लागलेलं?"

मी दादाचं सांगितलं. पोटरी, मोरी, जीप. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"आईवडिलांचं लग्नाआधी काही नातं?"

"आई आप्पांच्या मामाची मुलगी."

खाटेशी उभ्या असलेल्या आईनं पदर नीट केला. कौतुकाचा प्रश्न वाटला असावा तिला. म्हणाली, "व्हय, घरातलीच सोयरीक."

लघवीची तपासणी झाली. लॅबवाल्यानं दोन थेंब टाकले आणि नळीतला रंग बदलत गेला. चुरगळलेल्या जास्वंदीसारखा जांभळट लाल. डॉक्टरीणबाईंनी ती नळी मला दाखवायला वॉर्डात आणली. नमुना खात्रीसाठी मुंबईला पाठवायचा होता, पण त्यांची खात्री झालेली दिसत होती.

"रसायन शिकतेस ना? मग तुला सांगणं सोपं आहे," असं म्हणून त्यांनी केसपेपरच्या मागं लिहायला सुरुवात केली. मेथिओनिन. बाण. होमोसिस्टिन. बाण.

दुसऱ्या बाणावर त्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव लिहिणार, त्याच्या आधी मी म्हणाले, "सिस्टाथायोनिन बीटा सिंथेज."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला हसू आलं आणि आवरेना. सिस्टर धावत आली. सहामाही परीक्षेत हाच प्रश्न होता, दहा गुणांचा. मला आठ मिळाले होते. अमिनो आम्लांची ती साखळी मी आत्याच्या ओट्यावर बसून, माझ्या ह्याच लांब बोटांनी दहा वेळा लिहून पाठ केली होती. ज्या पायरीवर बाण काढत होते ती पायरी माझ्याच अंगात मोडकी होती. आणि दादाच्या अंगात.

आईला मी तिच्या भाषेत सांगितलं. "आपण दूध, डाळ, अंडी खातो ना, त्याचे अंगात तुकडे हुत्यात. त्यातल्या एका तुकड्याला फुडं जायला कालव्याच्या चारीवर असतं तसं दार उघडावं लागतं. आमचं दार नीट उघडत न्हाय. मग पाणी माघारी तुंबतं. ते डोळ्यात, हाडात, रक्तात घुसतं. रक्ताच्या गुठळ्या हुत्यात."

आईनं विचारलं, "आसलं दार कुनी बसवलं?"

"निम्मं तू, निम्मं आप्पांनी. दोघांकडनं एकेक बिघडलेलं आलं. तुमचं रक्त एकाच घरचं."

हे बोलताना मला विद्वत्ता दाखवल्याचं समाधान होतं. आई खाटेखाली चटईवर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

वॉर्ड

मी एकोणीस दिवस तिथे होते. पाच वाजता फिनाईलचा वास, मग थर्मामीटर, मग रक्त. रक्त पातळ करायचं औषध सलाईनमधून चालू असायचं आणि ते बरोबर चाललंय का बघायला पुन्हा रक्त काढायचे. दोन्ही हात काळेनिळे झाले. पाय हलवायचा नाही. सगळं खाटेवर. वीस वर्षांच्या मुलीला आईसमोर भांड्यावर बसताना काय वाटतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

भीती फक्त एकाच गोष्टीची होती, दम लागण्याची. जांभई आली तरी मी श्वास तपासायचे. एक सिस्टर होती, केरळची, मराठी तोडकं. तिनं एकदा माझी छाती धडधडताना पाहिली आणि स्टूल ओढून बसली. "तू मोज. मी हाय," म्हणाली. मी चारशेपर्यंत मोजलं. ती खरंच बसून राहिली.

शेजारच्या खाटेवर सुप्याच्या एक आजी होत्या, पित्ताशयाच्या खड्यासाठी आलेल्या. मला डाळसुद्धा मापून खायची परवानगी आहे हे कळल्यावर त्यांनी सुनेकडून बाजरीची भाकरी आणि नुसत्या मिरचीचा ठेचा मागवला. "ह्यात काय न्हाय बघ. चवीबिगर काय बी न्हाय," म्हणाल्या. त्या दिवसांत मी पोटभर जेवले ते तेवढंच.

भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र पथ्याचा शत्रू होता. काटेवाडीची मावशी उकडलेली अंडी घेऊन आली. दत्ता पेढे घेऊन आला. आणि आप्पा रोज सकाळी केंद्रावरचं काम उरकून एस.टी.नं किटली घेऊन येत. दुधाची. बी-सहा जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, पण त्या लागू पडतात का हे कळेपर्यंत पथ्य कडक होतं. पाच दिवस आईनं ती किटली गुपचूप आजींच्या पेल्यात ओतली. आप्पांना सांगायचं धाडस आमच्या दोघींतही नव्हतं.

वाक्य

सहाव्या दिवशी आप्पा जरा लवकर आले. आई कपडे धुवायला गेली होती. त्यांनी उशाचा कागद उचलला. दूध, अंडी, मटण, मासे बंद. डाळ, शेंगदाणे मापून. केंद्रावर रोज वही लिहिणारा माणूस तो, एकेका शब्दावर बोट ठेवून त्यानं तो वाचला.

"दूध बंद? हे कुठलं डाक्टर? अशक्तपनाला दूध बंद करत्यात व्हय?"

"अशक्तपणा न्हाय आप्पा. मला जे झालंय त्याला ते इख हाय."

"संपतला बी ह्योच आजार हुता म्हन्तीस ना?"

"व्हय."

"त्याला तर आपुन..." ते थांबले.

ते तिथेच थांबले असते. मीही थांबायला हवं होतं. पण सहा दिवस खाटेवर होते. परीक्षा हातची जाणार होती. आणि त्या पेल्यांशेजारी उभं राहून मी लहानपणभर पाहिलं होतं की ते दूध मला कधी मिळालं नाही. मला वाटतं तेही त्यात होतं. तेव्हा मी ते वाक्य म्हणाले.

आप्पांनी किटली उचलली. आजींच्या खाटेशी गेले, त्यांच्या पेल्यात दूध ओतलं आणि रिकामी किटली घेऊन बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी खिशात, कधी खाटेच्या दांडीवर.

पुढच्या गुरुवारी मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नुसतं दूध बंद करून तो वाचला असता असं कुणीही सांगू शकत नाही. गोळी हवी होती. ताप, अंथरूण, पाणी न पिणं, त्यानं गुठळी झाली. वडिलांना पाठव, मी सांगते." आप्पा गेले नाहीत. मी स्वतः सांगितलं, दोनदा. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "येकदा आयकलं ते आयकलं."

आणि गोळ्या लागू पडल्या. तीन आठवड्यांनी माझ्या नळीतला रंग फिका गुलाबी आला. आमच्यासारख्या रोग्यांतल्या काहींनाच ती लागू पडते आणि भावंडांचं बहुधा सारखंच असतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणजे दादालाही लागू पडली असती. इंदापूरच्या स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये मिळते. आय.टी.आय.ला जायला दादा रोज त्या दुकानासमोर एस.टी.ची वाट बघत उभा राहायचा.

आत्या

घरी आले त्याच्या पंधरवड्यात आत्या आली. मी सगळं सांगितलं. दत्ता आणि मी लग्न केलं तर पुन्हा तेच दार, तेच तुंबणं होऊ शकतं. बाळंतपणात गुठळीचा धोका वेगळाच. मला वाटलं होतं ती रडेल.

"म्हंजे आमच्या रक्तात खोट काढाया लागलीस?" आत्या म्हणाली. "चार बुकं शिकवली ती ह्याच्यासाठी? पिढ्यान्‌पिढ्या मामाच्या पोरी केल्या. कुनाची बोटं वाकडी झाली?"

"दादा गेला की आत्या."

"त्येचं आयुष्य तेवढं."

दत्ता अंगणात उभा होता. मी त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं. तो चपलेनं माती उकरत म्हणाला, "आई म्हनंल तसं." मला त्याच्याशी लग्न करायचं नव्हतंच आता. तरी ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

चहा पिऊन उठताना आत्या आप्पांना म्हणाली, "थोरलीचं ऱ्हाऊ द्या. धाकटी हाय की. दत्त्या थांबंल पाच-सात वरीस. मंदी आमाला राखून ठेवा."

मंदा तेव्हा बारा वर्षांची. दारात बसून गजगे खेळत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि परत खेळायला लागली. आप्पा नाही म्हणाले नाहीत.

मंदा

मंदाची तपासणी करायची, असं मी त्याच दिवशी म्हणाले.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "येक गेला. येक अशी घरात बसली. तिसरीच्या नावावर कागूद करायचा न्हाय."

"कागद केला न्हाय तर आजार ऱ्हात न्हाय व्हय?"

"तिला काय झालंय? धडधाकट हाय. ह्यो कागूद गावभर झाला की तिला कोन करंल?"

मी ओरडले, ते ओरडले. पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग एका गुरुवारी सकाळी आईनं माझ्या हातात कापडात गुंडाळलेली बाटली दिली. उकळत्या पाण्यात धुतलेली, बूच घट्ट लावलेलं. आत मंदाची सकाळची पहिली लघवी होती.

"मंदीला चष्म्याचा नंबर काढाया नेते म्हन," आई म्हणाली. "मी सांगते त्यास्नी." थोडं थांबून म्हणाली, "आत्याच्याच घरात दिली म्हनून मी किती खूश हुते, म्हाईत हाय?"

मंदाला खिडकी मिळाली. बारामतीपर्यंत तिनं बाहेरच्या उसाच्या गाड्या मोजल्या. लॅबवाल्यानं दोन थेंब टाकले. मी नळीकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यावरूनच मला कळलं. मंदा मात्र नळीकडे बघत होती. "ताई, किती भारी कलर," ती म्हणाली.

आप्पांना मी दारातच सांगितलं. ते सोप्यात बसले होते. माझ्या हातातलं गोळ्यांचं पाकीट घेऊन त्यांनी उलटसुलट बघितलं. मग विचारलं, "गोळी कधी द्याची? जेवनाआधी का मागनं?"

आत्याकडून त्यानंतर निरोप आला नाही. दत्ताचं लग्न दुसरीकडे झालं. आम्हाला पत्रिका आली, पोस्टानं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं पोर उंच, काटकुळं असेल, शाळेत असतानाच चष्मा भराभर जाड होत असेल, तर डोळ्यातलं भिंग जागेवर आहे का ते डॉक्टरांना विचारा. नात्यात लग्न झालं असेल तर सांगा. आमच्याकडे तो प्रश्न कुणी विचारला नाही आणि आम्हाला ती सांगण्याजोगी गोष्ट वाटली नाही. माझी पदवी वर्षभरानं झाली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करावं लागलं, त्या डोळ्यानं मला आता उजेड आणि आकार दिसतात. लग्नाचं कुणी विचारत नाही आणि मीही विषय काढत नाही. आप्पा माझ्याशी बोलतात, कामापुरतं.

मंदा आता पंधराची आहे. अंगानं भरली आहे, भिंगं जागेवर आहेत, तपासणीत रंग जवळजवळ येत नाही. परवा आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "ताई, त्या डॉक्टरीणबाईंनी तुला दादाचं इचारलं, म्हनून त्यांनी वळकलं ना?"

"व्हय."

"दादा मेला नसता तर त्यांना कळलंच नसतं?"

"कदाचित न्हाय."

"मंग तूबी मेली असतीस. मंग मीबी." ती भाकरीचा तुकडा हातात धरून हिशोब लावत होती. "म्हंजे दादा मेला म्हनून आपुन हाय व्हय?"

स्वयंपाकघराच्या दारात आप्पा उभे होते. कधीपासून, मला माहीत नाही. मी मंदाला म्हणाले, "जेव आधी." तिनं जेवण संपवलं, गोळी घेतली, ताट उचललं. आप्पा अजून दारातच होते.